जुन्या तसबिरींची पारख

धारवाडच्या मालमड्डीतल्या किंवा हुबळीच्या दाजीबान पेठेतल्या एखाद्या जुन्या मराठी घराच्या सोप्यात गेले, की आढ्याखालच्या लाकडी पट्टीला किंचित पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरींची रांग दृष्टीस पडते. तीत पगडी घालून काठी टेकून बसलेले पणजोबा असतात आणि त्यांचे चित्र पिवळसर तपकिरी होऊन चेहरा जेमतेम ओळखू येण्याजोगा उरलेला असतो. शेजारी काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले आजोबा असतात, आणि त्यांच्या मिशीचा केस न् केस मोजता यावा इतके ते चित्र ठसठशीत असते. टोकाला १९८० च्या सुमाराचे लग्नाचे रंगीत छायाचित्र असते, आणि त्यातला हिरवा शालू, पिवळे उपरणे, मांडवाची पाने हे सारे एकाच तांबूस छटेत बुडून गेलेले असते. सर्वांत जुने चित्र फिकटले, हे समजण्यासारखे आहे. पण सर्वांत नवे चित्र मधल्याच्या आधी का विटावे? भिंत एक, छप्पर एक, धारवाडचा पाऊसही तिघांनी सारखाच सोसलेला. मग वार्धक्य असे उलटसुलट क्रमाने का यावे?

हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. वाडे उतरवून त्या जागी सदनिका उभ्या राहू लागल्यापासून अशा तसबिरी भंगाराच्या गाड्यावर चढतात, तेथून जुन्या वस्तूंच्या दुकानात जातात, आणि पुष्कळदा पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर जाऊन पोहोचतात. या प्रवासात विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत याची बहुधा कल्पना नसते, आणि घेणाऱ्याला ती बहुधा असते. हा फरक भरून काढायचा, तर छायाचित्र कशाचे बनते, त्याचे वय कसे ओळखावे आणि त्याचे मोल कशावरून ठरते, या तिन्ही गोष्टी सामान्य वाचकाला ठाऊक असायला हव्यात.

काळेपणा कशाचा?

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातला काळेपणा शाईचा किंवा रंगाचा नसतो. तो धातुरूप चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. चांदीचे काही क्षार प्रकाश पडताच काळवंडतात, या एका गुणधर्मावर छायाचित्रणाची सारी विद्या उभी राहिली. मात्र कागदावर चांदी उमटवण्याच्या दोन वेगळ्या रीती होत्या, आणि पणजोबा व आजोबा यांच्या तसबिरींतला फरक नेमका तेथे आहे.

पहिल्या रीतीत कागद निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवीत आणि चित्र पुरते दिसू लागेपर्यंत ते तेथेच पक्व होऊ देत. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थाने प्रचारात आणलेला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा कागद असाच उन्हात उमटे. बलकात मीठ मिसळून त्याचा लेप कागदाला देत, तो वाळल्यावर चांदीच्या क्षाराच्या द्रावणावर तरंगवीत, उन्हात चित्र उमटले की सोन्याच्या क्षाराने त्याची छटा सुधारीत आणि शेवटी हायपो नावाच्या रसायनात ते पक्के करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातली बहुतेक व्यक्तिचित्रे याच कागदावर उमटली. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात हा कागद तयार करणाऱ्या कारखान्यांत रोज हजारो अंडी फुटत. आमच्याकडील ज्या घरांत अंडे उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या घरांतही पूर्वजांची स्मृती याच लेपाने टिकवून ठेवली आहे.

दुसऱ्या रीतीत कागदाला हाडां-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा लेप असे. त्यावर क्षणभरच प्रकाश टाकीत, तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नसे. मग एका रसायनात कागद बुडवला, की अदृश्य ठशाभोवती चांदी वाढत जाऊन चित्र प्रकट होई. हा कागद १८८० नंतर आला आणि विसाव्या शतकात त्याने बलकाच्या कागदाला पूर्णपणे हटवले.

उन्हात उमटलेल्या चांदीचे कण अतिशय बारीक आणि गोलसर असतात, तर रसायनात वाढलेल्या चांदीचे तंतू जाडसर आणि गुंतलेले असतात. पिठीसाखर व खडीसाखर एकाच डब्यात ठेवली, तर दमट हवेत पिठीसाखर आधी पाझरते. कारण तिचा पृष्ठभाग हवेला कितीतरी पटींनी अधिक उघडा असतो. हाच न्याय येथे लागू पडतो. हवेतला ओलावा, गंधकयुक्त वायू आणि कागदात मागे राहिलेली रसायने बारीक कणांना आधी गाठतात, म्हणून पणजोबा फिकटले आणि आजोबा टिकले. त्यात भर पडते ती अपुऱ्या धुलाईची. हायपो नीट धुतला गेला नाही, तर त्यातला गंधक चांदीशी संयोग पावून पिवळट तपकिरी डाग पाडत राहतो. १८५५ मध्ये लंडनच्या छायाचित्रण संस्थेने चित्रे का विटतात याचा शोध घेण्यासाठी एक समितीच नेमली होती, आणि तिने मुख्य दोष याच गंधकावर आणि दमटपणावर ठेवला.

आता लग्नाचे रंगीत चित्र. त्यात तयार झालेली चांदी शेवटी रसायनाने काढून टाकलेली असते आणि मागे तीन सेंद्रिय रंगांचे थर उरतात. त्या काळच्या कागदांतील निळसर हिरवा रंग अंधारातसुद्धा हळूहळू विघटित होई. तो गेला की उरते ती लालसर छटा. म्हणून चाळीस वर्षांचे रंगीत चित्र नव्वद वर्षांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रापुढे म्हातारे दिसते.

कॅमेरा या मुलखात आला तो

छायाचित्रणाची विद्या १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि वर्षभराच्या आत तिची सामग्री कलकत्त्यास विक्रीला आली. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून आपल्याला पाहायचे ते मुंबईकडे. १८५४ मध्ये तेथे छायाचित्रण संस्था स्थापन झाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयात या कलेचा वर्ग सुरू झाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी एतद्देशीय छायाचित्रकारांत अग्रस्थान मिळवले. त्याच वर्षी इलाखा सरकारने कॅप्टन बिग्ज यांना प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. त्यांनी, डॉ. पिगू यांनी आणि नील यांनी घेतलेली या भागातील देवालयांची चित्रे ‘आर्किटेक्चर इन धारवार अँड मैसूर’ या नावाने १८६६ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे कॅमेऱ्याने धारवाड प्रांतातील दगडी मूर्तींचे चेहरे आधी टिपले आणि गृहस्थांच्या सोप्यापर्यंत तो मागाहून पोहोचला.

माणसांच्या चेहऱ्यांची ओढ मात्र सर्वत्र वाढत होती. पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याचे पेटंट मिळवले आणि अडीच इंच रुंद, चार इंच उंच अशा पुठ्ठ्यावर चिकटवलेले स्वस्त व्यक्तिचित्र जन्मास आले. १८६६ च्या सुमारास त्याहून मोठे, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे ‘कॅबिनेट’ चित्र आले. बलकाचा कागद पातळ असल्याने तो गुंडाळला जाई, म्हणून त्याला पुठ्ठ्यावर चिकटवणे भागच होते. छायाचित्रकारांनी त्या पुठ्ठ्याच्या पाठीवर आपले नाव, गाव, मिळालेली पदके आणि राजेरजवाड्यांचे आश्रय छापून जाहिरात साधली, आणि आज तसबिरीचे वय ठरवताना तीच पाठ पहिली साक्ष देते.

आमच्या भागात ही कला सामान्यांच्या आवाक्यात येण्याला रेल्वेचे साहाय्य झाले असावे. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली, १८८५ मध्ये हुबळीला तिचा कारखाना उघडला, आणि तिचे मुख्य दप्तर धारवाडला ज्या इमारतीत होते तेथे पुढे कर्नाटक कॉलेज नांदू लागले. नेमक्या त्याच दशकात कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या. त्याआधी छायाचित्रकाराला काच ऐन वेळी ओल्या रसायनाने माखून, ती वाळण्यापूर्वी चित्र घेऊन, लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. आता तयार काचांची पेटी आगगाडीने मागवता येऊ लागली आणि पगारदार कारकून, वकील, शिक्षक, अडत व्यापारी हे त्याचे गिऱ्हाईक बनले.

हाती घेऊन पाहताना

पारख करायची ती साध्या साधनांनीही होते: दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक लोहचुंबक, आणि नोटा तपासण्यासाठी दुकानदार गल्ल्याजवळ ठेवतात तो जांभळ्या प्रकाशाचा दिवा.

प्रथम भिंग. सर्वत्र सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छायाचित्र नसून छापखान्यात ब्लॉकवरून छापलेली प्रत आहे. बालगंधर्वांची स्त्रीवेषातील कितीतरी चित्रे अशाच रीतीने छापून घरोघर गेली. नाव थोर असले तरी अशा प्रतीचे मोल मर्यादित राहते. ठिपके नसले आणि कागदाचे तंतू स्पष्ट दिसले, तर चित्र बहुधा बलकाच्या कागदावरचे. त्यातले पांढरे भाग पिवळे पडलेले असतात. तंतू दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि तिरक्या उजेडात काळ्या भागांवर आरशासारखी निळसर चंदेरी झाक मारत असेल, तर ते जिलेटिनचे, कारण ओलाव्याने हललेली चांदी लेपाच्या वर येऊन साचते. चित्र पत्र्यावर असून चुंबकाला चिकटले, तर ते लोखंडी पातळ पत्र्यावर घेतलेले. आणि पाहणाऱ्याचाच चेहरा आधी दिसावा इतके ते लखलखीत असेल, तर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावरचे अगदी पहिल्या काळातले. यातले शेवटचे या भागात सापडणे दुर्मीळच.

मग पुठ्ठा पाहावा. १८६० च्या दशकातले पुठ्ठे पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचे असतात; पुढे कोपरे गोल होत जातात; १८८० नंतर पुठ्ठा जाड होतो, कडा तिरकस कापून सोनेरी केलेल्या आढळतात, गडद हिरवे, तांबूस, काळे रंग येतात. पाठीवर पत्ता लिहायला आणि मजकूर लिहायला उभ्या रेघेने केलेले दोन भाग असतील, तर ते टपालकार्डाच्या कागदावरचे चित्र असून ती सोय ब्रिटनमध्येही १९०२ च्या आधी नव्हती.

जांभळ्या दिव्याचे काम खोटे उघडे पाडण्याचे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात काही द्रव्ये मिसळू लागले, आणि ती या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. १८९० चे म्हणून दाखवलेले चित्र असे चमकू लागले, तर तो सौदा तेथेच सोडावा. जुन्या पुठ्ठ्यावर नवे चित्र चिकटवण्याची लबाडी या एका कसोटीने बहुधा उघडी पडते.

या सर्वांहून मोठी कसोटी इतिहासाची. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे निधन १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात झाले. छायाचित्रणाची विद्या दहा वर्षांनी जाहीर झाली. तेव्हा त्यांचे म्हणून कोणी छायाचित्र दाखवू लागला, तर अधिक तपासाची गरजच नाही. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना १८५८ मध्ये बेळगावात फाशी दिले. त्या काळात मुंबई इलाख्यात कॅमेरे होते, म्हणून त्यांचे चित्र असणे अशक्य म्हणता येत नाही. परंतु ते कॅबिनेट आकाराच्या मूळ पुठ्ठ्यावर असेल, तर तो पुठ्ठाच त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रचारात आलेला आहे, हे ध्यानात घेऊन मालकाकडे ठोस दाखला मागावा.

लाल पदर काळा का?

जुनी व्यक्तिचित्रे पाहताना सर्वाधिक फसगत रंगांच्या बाबतीत होते, आणि इरकली लुगड्यांच्या या मुलखात ती विशेष होते. ओल्या काचेच्या काळातील लेप केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाने बदले; लाल आणि पिवळा प्रकाश त्याच्या लेखी अंधारच होता. त्यामुळे लाल वस्तू चित्रात काळी आणि निळी वस्तू फिकट, कधी जवळजवळ पांढरी उमटे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने लेपात विशिष्ट रंग मिसळून त्याला हिरव्या प्रकाशाचीही जाणीव देता येते, हे दाखवले. लालसह सर्व रंग पाहणाऱ्या काचा बाजारात येण्यास १९०६ साल उजाडावे लागले, आणि छोट्या गावांतील स्टुडिओंत त्या त्यानंतरही बराच काळ पोहोचल्या नसणार.

याचा परिणाम असा, की इरकलीच्या लाल पदराचा भाग जुन्या चित्रात काळाकुट्ट दिसतो आणि त्यावरची पांढरी नक्षी एकदम उठून येते; डाळिंबी लुगडे पाहणाऱ्याला काळी चंद्रकळा वाटते; कपाळावरचे कुंकू काजळाचा टिळा वाटते; भगवा फेटा काळा होतो. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी लाल असेल, तर काठाशिवाय तिची सारी वीण अंधारात हरवते. सोनेही मळकट उमटे. स्टुडिओतील रंगारी पुष्कळ चित्रांतल्या ठुशी-पाटल्यांवर सोनेरी रंगाची बारीक रेघ ओढीत, त्यामागे हेही एक कारण असावे. तेव्हा काळे वस्त्र दिसले म्हणून त्यावरून स्त्रीची वैवाहिक स्थिती, जात किंवा शोकप्रसंग यांचे अनुमान काढणे अत्यंत धोक्याचे आहे, आणि विक्रेते नेमकी हीच अनुमाने बेधडक सांगतात.

चेहऱ्यांवरील कठोरपणाचेही तसेच. ओल्या काचेला काही सेकंदांचा प्रकाश लागे. तेवढा वेळ ओठांवर हसू धरून ठेवणे कठीण, म्हणून मान मागून लोखंडी आधाराने स्थिर करीत. पुष्कळ चित्रांत बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या टाचांमागे त्या आधाराचा तीन पायांचा तळ डोकावताना दिसतो. ते गृहस्थ घरात एवढेच गंभीर असत, असे समजण्याचे कारण नाही.

मोल कशाचे?

आता व्यवहाराकडे वळू. जुन्या वस्तूंचा व्यापारी वाड्यातील तसबीर उचलतो, तेव्हा पहिली नजर पुष्कळदा सागवानी किंवा शिसवी चौकटीवर जाते. चौकट आरशाला चालते, देवाच्या चित्राला चालते. आतले अनोळखी आजोबा कोणाला हवे आहेत? त्यामुळे चौकट विकली जाते आणि चित्र रद्दीत पडते. स्टुडिओ बंद झाले तेव्हा त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांवरचा लेप खरवडून काच वापरली गेली, फिल्म चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. हाही त्याच हिशेबाचा भाग. चित्रातल्या चांदीला भाव आला, चित्राला आला नाही.

संग्राहकाच्या लेखी हिशेब वेगळा असतो. कोणी घेतले, कोणत्या रीतीने घेतले, किती जपले गेले, हे तो पाहतोच. बोर्न अँड शेफर्ड किंवा लाला दीनदयाळ यांचा ठसा असला तर किंमत चढते. चित्रात वाद्य, धंद्याचे हत्यार, शाळेची पाटी, चरखा, असा काही काळाचा पुरावा असेल, तर तीही वाढते. दुर्मीळपणाचे माप मात्र चकवणारे आहे. धारवाडात अनेक वर्षे अध्यापन केलेले जी. ए. कुलकर्णी प्रसिद्धीपासून इतके दूर राहिले, की त्यांची छायाचित्रे मोजकीच. उलट नाटक मंडळ्यांच्या नटांची चित्रे विपुल. कीर्ती मोठी म्हणून चित्र विरळ असते असे नाही आणि चित्र विरळ म्हणून मागणी असतेच असेही नाही. दोन्ही एकत्र आले तरच भाव चढतो.

पण माझ्या मते तसबिरीचे मोल सर्वाधिक कशावर अवलंबून असेल, तर ते नावावर. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत, पण त्यांतील बहुसंख्य माणसांखाली त्यांचे नाव नसून जात किंवा जमात लिहिली आहे. माणूस नमुना झाला आणि व्यक्ती नाहीशी झाली. याच्या उलट, १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आलेल्या बासेल मिशनच्या लोकांनी जी छायाचित्रे स्वित्झर्लंडला पाठवली, ती बासेलच्या दप्तरात ठिकाण, काळ आणि पुष्कळदा माणसांची नावे यांसह नोंदलेली आहेत. म्हणून त्यांतून अभ्यासकाला कुटुंब, शाळा, कारखाना यांचा मागोवा घेता येतो. कला तीच आणि कागद तोच असून, केवळ नोंदीमुळे एक चित्र साधन ठरते आणि दुसरे निव्वळ नमुना राहते.

गाण्याच्या या गावात त्याचे फार बोलके उदाहरण आहे. कुंदगोळचे सवाई गंधर्व, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या मैफलींची छायाचित्रे निघाली, तर गवयाला सारे ओळखतात. पण मागे तानपुरा धरून बसलेला मुलगा कोण, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. साथीदारांची नावे मिळाली, तर ते चित्र संगीताच्या इतिहासाचे पान होते. न मिळाली, तर एका प्रसिद्ध गवयाचे आणखी एक चित्र एवढीच त्याची गणना.

आल्बम फोडणे हे त्याच कारणासाठी मी मोठे नुकसान मानतो. विक्रेता एखाद्या संस्थानिकाचे चित्र काढून स्वतंत्र विकतो, कारण त्यात अधिक पैसा आहे. परंतु कोण कोणाच्या शेजारी चिकटवले होते, कोणत्या पानानंतर कोणते पान होते, यावरूनच नात्यांची साखळी लागत असते. ती एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी उभारलेल्या संग्रहाची थोरवी चित्रांच्या संख्येत आहे, तशीच अखंड आल्बम आणि त्यांची पार्श्वभूमी जपण्यातही आहे. बंगळुरूच्या कला व छायाचित्र संग्रहालयाने २०२३ मध्ये दारे उघडल्यापासून कर्नाटकातही छायाचित्रांकडे संग्राह्य वस्तू म्हणून पाहण्याची सवय रुजू लागली आहे.

> चौकट : विकण्यापूर्वी
>
> तसबीर चौकटीतून काढताना जोर लावू नये. चित्र काचेला चिकटले असेल, तर तसेच ठेवावे. पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत घेऊन ठेवावी. पाठीवरील शिक्का, हस्ताक्षर, जुनी चिठ्ठी यांतले काहीही खोडू किंवा फाडू नये. चित्र पुसू नये, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. आल्बम अखंडच द्यावा. चौकटीची आणि चित्राची किंमत वेगळी विचारावी. व्यापाऱ्याचे लक्ष कशावर आहे, ते त्यावरून कळते.

कायद्याचा भाग

पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा आहे. त्याच्या व्याख्येत कला, रीतिरिवाज किंवा इतिहास यांवर प्रकाश टाकणाऱ्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, आणि जुनी छायाचित्रे तीत बसू शकतात. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. म्हणून परदेशी ग्राहकाला शतकापूर्वीचा आल्बम टपालाने पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याचा सल्ला अवश्य घ्यावा. दुसरी गोष्ट स्वामित्वहक्काची. तसबीर विकत घेतली म्हणजे ती छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि पैसे देऊन काढवलेल्या चित्रावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो.

ठेवण्याची रीत

धारवाडचा पावसाळा छायाचित्रांना मानवत नाही. जिलेटिन हे बुरशीचे खाद्य आहे, म्हणून बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाची झड खाणाऱ्या भिंतीवर तसबीर टांगू नये. चौकटीच्या मागे चार बुचांचे तुकडे लावले, तर हवा खेळती राहते. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी असावी. सुट्या चित्रांसाठी आम्लरहित कागदाचे लिफाफे उत्तम. ते न मिळाल्यास पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चालते, पण मऊ पीव्हीसीचे आल्बम टाळावेत, कारण त्यांतून सुटणारी द्रव्ये चित्राला चिकटतात आणि खातात. चिकटपट्टी, स्टेपल, रबर आणि लॅमिनेशन यांपैकी लॅमिनेशन सर्वांत घातक, कारण ते परत काढता येत नाही. भिंतीवर मूळ चित्राऐवजी त्याची नवी प्रत लावावी आणि मूळ कपाटात सुरक्षित ठेवावे, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे.

या सर्वांआधी मात्र एक काम आहे, आणि ते करायला भिंग, दिवा किंवा तज्ज्ञ यांपैकी काही लागत नाही. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला तसबिरींसमोर बसवावे. प्रत्येकाचे नाव, नाते, गाव, अंदाजे साल आणि ही माहिती कोणी सांगितली, हे विचारावे. आणि चित्र पुठ्ठ्यावर असेल, तर त्याच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने, कागद नवा चकचकीत असेल, तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात ठेवावे. तसबीर ठेवायची असो वा विकायची, हे टिपण तिच्याबरोबर जायला हवे. स्वातंत्र्यापूर्वीचे हुबळी-धारवाड ज्यांनी जाणत्या वयात पाहिले, ती माणसे आज नव्वदीच्या पुढे गेली आहेत; तेव्हा हे काम दिवाळीवर न ढकलता येत्या रविवारीच हाती घ्यावे, अशी वाचकांना माझी विनंती आहे.